म्हैसूरचे वकील द्राक्षांच्या देशात

श्रीरंगपट्टणास कावेरीच्या काठी टिपू सुलतानाने १७८४ साली बांधलेला दर्या दौलत नावाचा महाल आहे. त्याच्या पश्चिमेकडील भिंतीवर पोलिलूरच्या लढाईचे भव्य चित्र रंगविलेले आहे. १७८० साली या लढाईत हैदर आणि टिपू यांनी कर्नल बेली याच्या इंग्रज फौजेचा धुव्वा उडविला. चित्रात पालखीत बसलेला हताश बेली दिसतो, दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट दिसतो, आणि म्हैसूरकरांच्या बाजूला दुर्बीण डोळ्याला लावलेला एक फ्रेंच सरदारही दिसतो. हा लाली. हैदराच्या पदरी असलेल्या फ्रेंच तुकडीचा तो नायक होता. स्वतःच्या विजयाचे चित्र काढविताना टिपूने एका परक्याला त्यात मानाची जागा दिली, यावरून फ्रेंचांच्या मैत्रीवर त्याने किती भिस्त ठेवली होती ते समजते.

परंतु पदरी ठेवलेले फ्रेंच वेगळे आणि फ्रान्सचा राजा वेगळा, हे टिपूला अनुभवाने कळले होते. १७८३ मध्ये मंगळूरचा वेढा ऐन रंगात असता युरोपात इंग्रज-फ्रेंचांचा समेट झाल्याची वार्ता आली आणि मदतीला आलेली फ्रेंच तुकडी मोर्चातून बाजूला झाली. तेव्हापासून पाँडिचेरीच्या गव्हर्नरांच्या गोड पत्रांवर विसंबून न राहता खुद्द सोळाव्या लुईच्या दरबारी आपली माणसे पाठवावी, हा विचार टिपूच्या मनात घोळू लागला.

त्याचा पहिला बेत फारच मोठा होता. मार्च १७८६ मध्ये कुमठ्याजवळच्या तदडी बंदरातून गुलाम अली खान याच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ निघाले. बरोबर नऊशेच्या आसपास माणसे होती. त्यांनी आधी कॉन्स्टँटिनोपलला तुर्की सुलतानाकडे, तेथून फ्रान्सला आणि शेवटी इंग्लंडला जावे असे ठरले होते. जहाजांवर चार हत्तीही चढविले होते. तीन हत्ती तीन बादशहांना नजर करावयाचे आणि चौथा विकून वाटखर्च भागवावयाचा, असा हिशेब होता. वकिलांनी कोठे काय बोलावे, कोणते कारागीर मिळवावे, काय विकावे आणि काय विकत घ्यावे, याविषयी टिपूने तपशीलवार हुकूमनामे लिहून दिले होते. प्रवासाची इतकी बारीक आखणी त्या काळच्या हिंदी दरबारांत क्वचितच आढळेल. पण समुद्राला आणि साथीच्या रोगांना हुकूमनामे वाचता येत नाहीत. हत्ती मेले, जहाजे गेली, माणसे शेकड्यांनी दगावली, आणि हे शिष्टमंडळ कॉन्स्टँटिनोपलहून पुढे गेलेच नाही.

मग दुसरा बेत आखला गेला, तो अधिक सुटसुटीत होता. १७८७ च्या पूर्वार्धात मराठ्यांशी गजेंद्रगडचा तह होऊन उत्तरेची सीमा काही काळ शांत झाली होती. नाना फडणीस मात्र इंग्रजांच्या अधिक जवळ सरकत होते, ही गोष्ट टिपूच्या नजरेतून सुटलेली नव्हती. इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले तर म्हैसूरला कोणी मित्र उरणार नाही. तेव्हा जे करावयाचे ते लवकर करणे भाग होते. मुहंमद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहंमद उस्मान खान हे तिघे वकील निवडले गेले. प्येर मोनेरों या फ्रेंच व्यापाऱ्याच्या ‘ओरोर’ नावाच्या जहाजातून जुलै १७८७ मध्ये त्यांनी पाँडिचेरी सोडली. मॉरिशसला मुक्काम करीत, आफ्रिकेला वळसा घालीत ते जून १७८८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेस तूलोंच्या आरमारी बंदरात उतरले. प्रवासाला जवळजवळ अकरा महिने लागले.

तेथून मार्सेय, पुढे ल्यों आणि शेवटी पॅरिस असा त्यांचा मार्ग होता. दक्षिणेचा समुद्रकिनारा सोडून ल्योंकडे आणि ल्योंहून पॅरिसकडे कोणताही राजरस्ता धरला, तरी द्राक्षमळे चुकत नाहीत. प्रोव्हान्सच्या उन्हात तापलेल्या टेकड्या, ऱ्होन नदीच्या काठावरचे दगडी बांध घातलेले उतार, त्यापलीकडे बोजोले आणि बरगंडी, असा हा सारा मुलूख द्राक्षवेलींवर जगतो. जून महिन्यात वेली हिरव्यागार असतात आणि फुलोरा सरून बारीक मणी धरू लागतात. या मुलखातून प्रवास करणारे हे वकील ज्या राज्यातून आले होते, तेथे टिपूने याच सुमारास, महसूल बुडाला तरी चालेल असे म्हणून, दारूची दुकाने बंद करविली होती. इतिहासात असे योग अधूनमधून येतात आणि त्यांची गंमत त्या वेळी कोणालाच कळत नाही.

याच मुलखातून बरोबर एक वर्ष आधी, उलट दिशेने, एक गृहस्थ जवळजवळ एकटाच प्रवास करून गेला होता. तो अमेरिकेचा फ्रान्समधील वकील टॉमस जेफर्सन होय. उजवे मनगट मोडले होते, ते एक्स गावच्या गरम झऱ्यांनी बरे होईल, हे निमित्त. फेब्रुवारी १७८७ च्या अखेरीस तो पॅरिसहून निघाला, आणि बरगंडी, ल्यों, ऱ्होनचे खोरे, मार्सेय, तूलों, उत्तर इटली, मग दक्षिणेचा कालवा आणि बोर्दो असा फेरा करून जूनमध्ये परतला. मनगट काही सुधारले नाही. त्याच्या टिपणवह्या मात्र भरल्या. फ्रान्सच्या द्राक्षभूमीतील खासगी प्रवास कसा आखावा याचा नमुना म्हणून आजही या प्रवासाकडे बोट दाखविता येईल.

त्याची पद्धत साधी होती. गाडी स्वतःची, घोडे डाकेच्या टप्प्यांवर बदलून घ्यावयाचे, आणि घरचा नोकर बरोबर न नेता वाटेत स्थानिक माणूस ठेवावयाचा, म्हणजे कोणी ओळखत नाही आणि कोणी सजवून दाखवीत नाही. मद्याची पारख करण्यासाठी त्याने जमीनदार धरला नाही. बोन गावी पिपे बांधणारा पाराँ नावाचा कारागीर गाठला. कोणाच्या तळघरात काय दडले आहे हे पिपे बांधणाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? पुढे कित्येक वर्षे याच पाराँकडून जेफर्सनने बरगंडीची मद्ये मागविली. ऱ्होनकाठी तँ गावी एर्मिताजची टेकडी चढून त्याने कोणत्या उतारावर उत्तम द्राक्ष येते ते लिहून ठेवले, आणि बोर्दोत मार्गो, लातूर, ओ-ब्रिओं व लाफित ही चार नावे पहिल्या प्रतीची म्हणून टिपली. बोर्दोच्या मद्यांची सरकारी प्रतवारी १८५५ साली झाली, तेव्हा पहिल्या वर्गात हीच चार नावे आली.

परंतु त्या टिपणांतील मोलाची नोंद मद्याची नाही, भाकरीची आहे. पोमार आणि व्होल्ने या तांबड्या मद्याच्या गावांत मजूर गव्हाची चांगली भाकरी खातात आणि शेजारच्या मर्सो या पांढऱ्या मद्याच्या गावात राय नावाच्या हलक्या धान्याची, असे त्याला दिसले. कारण विचारता उत्तर मिळाले की पांढरे मद्य वारंवार बिघडते, विकले न जाता पडून राहते, आणि मग शेतकऱ्याला मजुराचे पोट नीट भरणे परवडत नाही. एका कोसाच्या अंतरात सारे अर्थशास्त्र उलगडले! लाफायेत या आपल्या मित्राला नीसहून पाठविलेल्या पत्रात त्याने आग्रह केला की फ्रान्स जाणून घ्यावयाचा तर वेष लपवून झोपड्यांत शिरावे, चुलीवरच्या भांड्यात डोकावावे आणि त्यांची भाकरी खाऊन पाहावी. भाताच्या बाबतीत तर तो याही पुढे गेला. इटलीतील पीडमाँटच्या सालीच्या तांदळाची निर्यात करणाऱ्यास देहदंडाची शिक्षा होती. तरी या वकिलाने कोटाचे खिसे भरून ते दाणे सीमेपार आणले. म्हैसूरच्या कोणा वकिलाने असे केले असते तर इंग्रज इतिहासकारांनी केवढा गहजब केला असता!

जून १७८८ मध्ये, म्हणजे टिपूचे वकील तूलोंला उतरले त्याच महिन्यात, जेफर्सन पॅरिसमध्ये बसून युरोप पाहावयास निघालेल्या दोघा तरुण अमेरिकनांसाठी प्रवासाच्या सूचना लिहीत होता. नव्या गावी गेल्यावर नकाशा घ्यावा आणि उंच मनोऱ्यावर चढून गाव नजरेखाली घालावे. खाणावळीत त्याच गावचे मद्य मागावे. ते निर्भेळ आणि स्वस्त मिळते, परगावचे मागितले की वाईट माल आणि अवाच्या सवा दर. शेती, यंत्रे, बागा लक्षपूर्वक पाहाव्या. राजदरबार मात्र व्हर्सायच्या पशुसंग्रहालयातले वाघ-सिंह पाहावे तितक्यापुरतेच पाहावे.

या सूचना शेजारी ठेवून वकिलांच्या प्रवासाकडे पाहिले म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. टिपूच्या मनातही शेती, कारागिरी आणि बागा होत्याच. त्याच्या मागण्यांची यादी जेफर्सनला आवडली असती. पण त्याचे वकील राजाचे पाहुणे होते. खर्च फ्रान्सच्या तिजोरीचा, वेळापत्रक फ्रेंच अधिकाऱ्यांचे. शहराशहरांतून सत्कार आणि रोषणाई झाली, आणि रस्त्याच्या दुतर्फा त्यांच्या मलमलीचे जामे आणि पागोटी पाहावयास लोक लोटले. ज्यांनी देश पाहावयाचा, त्यांनाच देश पाहत उभा राहिला.

आणि दुसरा पडदा स्वयंपाकघराचा होता. वकिलांचे स्वयंपाकी बरोबर होते आणि मसालेही बरोबर होते. परमुलखात धर्माने सांगितलेले अन्न खावयाचे तर दुसरा मार्ग नव्हता, आणि याबद्दल त्यांना हसण्याचा अधिकार निदान मराठी माणसाला नाही. सातच वर्षांपूर्वी, १७८१ साली, राघोबादादांचा वकील हणमंतराव मणियार नावाच्या पारशी सोबत्यासह लंडनला गेला होता. तेथे त्या ब्राह्मण वकिलाच्या सोवळ्याचे हाल होत आहेत हे पाहून एडमंड बर्क याने त्या दोघांना आपल्या गावी नेले आणि बागेतील काचघर स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. परदेशी गेलेल्या हिंदी वकिलाला तहाच्या कलमांआधी चुलीचा प्रश्न सोडवावा लागे. मात्र आपली चूल पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याला दुसऱ्याच्या भांड्यात डोकावता येत नाही, हेही तितकेच खरे. गव्हाच्या आणि हलक्या भाकरीतला फरक पाहण्याची संधी जेफर्सनला मिळाली, ती या तिघांना कोठून मिळणार?

आणि त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या भांड्यांत पाहण्यासारखे बरेच होते. १७८८ च्या जूनमध्येच ग्रनोबल शहरात लोकांनी छपरांवर चढून राजाच्या सैनिकांवर कौलांचा मारा केला होता. १३ जुलैला भयंकर गारपीट झाली. मध्य फ्रान्सपासून उत्तरेकडे पसरत गेलेल्या त्या वादळाने उभी पिके आणि द्राक्षमळे झोडपून टाकले. त्यानंतर तीनच दिवसांनी म्हैसूरचे वकील पॅरिसात दाखल झाले. व्हर्सायला हर्क्युलिसच्या दिवाणखान्यात १० ऑगस्ट रोजी सोळाव्या लुईने त्यांची भेट घेतली. जेफर्सनने आपल्या सरकारला पत्राने कळविले की हा समारंभ नेहमीपेक्षा अधिक थाटाचा झाला. या थाटाच्या दोन दिवस आधी राजाने एस्टेट्स जनरल ही प्रतिनिधींची सभा पुढल्या वर्षी भरविण्याचे जाहीर केले होते, आणि थाटानंतर सहा दिवसांनी सरकारी तिजोरीने रोख देणी थांबविली. ज्या राजाकडे टिपू पलटणी मागत होता, त्याच्यापाशी सावकाराला द्यावयास पैसे नव्हते.

उघड नकार देणे दरबारी रीतीत बसत नव्हते आणि होकार देणे शक्य नव्हते. इंग्रजांशी नव्याने युद्ध ओढवून घेण्याची फ्रान्सची ऐपतच नव्हती. तेव्हा उत्तराच्या जागी पाहुणचार आला. नाटके झाली, संगीतिका झाल्या, बागा दाखविल्या गेल्या, सेव्रच्या राजकारखान्यातील चिनी मातीची भांडी भेट मिळाली. पॅरिसच्या स्त्रियांमध्ये हिंदी कापडाची आवड आधीपासून होतीच, तिला आणखी भर आली.

राणीची आवडती चित्रकर्ती एलिझाबेथ विजे ल ब्रं हिने वकिलांना संगीतिकागृहात पाहिले आणि त्यांची चित्रे काढण्याची इच्छा धरली. राजाचा शब्द मध्ये पडल्यावर ते तयार झाले. तिच्या आठवणींत एका जेवणाची हकीकत आहे. वकिलांनी तिला आणि तिच्या मैत्रिणीला जेवावयास बोलाविले. पाने जमिनीवर मांडली होती. यजमान आपल्या हाताने वाढीत होते. एका ताटात मसालेदार पांढऱ्या रश्शातले मेंढ्याचे पाये होते, दुसऱ्यातला पदार्थ कोणता हे बाईंना कळलेच नाही. हातांनी वाढलेले ते अन्न घशाखाली उतरेना, असे तिने स्वच्छ लिहिले आहे. हिंदुस्थानात ज्या कृतीला अगत्याची परिसीमा मानतात, ती पॅरिसात किळसवाणी ठरली. पण एवढे मानले पाहिजे की म्हैसूरच्या भांड्यात डोकावण्यासाठी ती जमिनीवर बसली तरी.

पाहुणचाराच्या आड टिपूच्या एका मागणीला मात्र काहीसे यश आले. त्याने फुलझाडांची आणि फळझाडांची बियाणी, रोपे आणि ती लावणारे माळी मागितले होते. हैदराने १७६० साली बंगळुरास लालबागेचा पाया घातला, तेव्हापासून देशोदेशीची झाडे आणून लावण्याचा या घराण्याला छंद होता. सैन्याची मागणी टाळणाऱ्या फ्रेंच सरकारने बियाणी आणि मोजके कारागीर देण्यास हरकत घेतली नाही. शरदात वकिलांनी पॅरिस सोडले, नोव्हेंबरमध्ये ब्रेस्त बंदरातून ‘तेतीस’ या जहाजाने निघून ते मे १७८९ मध्ये पाँडिचेरीस उतरले. त्यानंतर दोन महिन्यांत बास्तीय पडली. त्याच वर्षी फ्रान्सने पाँडिचेरीतील आपले सैन्यही काढून घेतले.

टिपूला जी भीती होती तेच १७९० मध्ये घडले. इंग्रज, पेशवे आणि निजाम यांची युती झाली. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोचला, पण त्याच्या छावणीत धान्य संपले आणि बैल मरू लागले. तोफा फोडून माघार घेण्याची पाळी त्याच्यावर आली असता हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठी लष्करामागून चालणाऱ्या बाजारात धान्यापासून चैनीच्या मालापर्यंत सारे काही विकत मिळत होते. उपाशी इंग्रज सैनिक त्यावर जगले. टिपूने दोन वर्षे आणि अपार खर्च करून साता समुद्रांपलीकडे जी मदत शोधली ती त्याला मिळाली नाही, आणि त्याच्या शत्रूला ती शेजारच्या मराठी बाजारात मिळाली. मार्च १७९२ च्या तहात अर्धे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांची खंडणी ठरली, आणि दोन मुलगे ओलीस ठेवावे लागले. फ्रान्सकडून एकही पलटण आली नाही.

दरवेश खानाचे चित्र मात्र फ्रान्समध्येच राहिले. विजे ल ब्रंच्या सांगण्याप्रमाणे ते पूर्ण झाल्यावर खानाने बिछान्यामागे लपवून ठेवले. चित्राला अजून आत्मा यावयाचा आहे, असे त्याचे म्हणणे. तिने खानाच्या नोकराला हाताशी धरून ते पळविले. खान नोकराचा जीव घ्यावयास उठला, तेव्हा पॅरिसात अशी रीत नाही, शिवाय चित्र राजाने मागविले आहे, अशी थाप मारून दुभाष्याने त्याला शांत केले. १७८९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ते चित्र टांगले गेले. पांढरा पायघोळ जामा, कमरेच्या तलवारीच्या मुठीवर हात, चेहरा गंभीर. बास्तीय पडून नुकतेच सहा आठवडे झाले होते, पावासाठी रुटीवाल्यांच्या दारांत रांगा लागत होत्या, आणि त्या रांगांतून सुटून आलेले पॅरिसकर चित्रापुढे उभे राहून म्हैसूरच्या त्या वकिलाकडे पाहत होते.